बियांत टिकणारे देवपुष्प

अमरावती-अकोल्यासारख्या कापूस आणि डाळीच्या पेठांतील घरांना अंगण क्वचितच लाभते. गच्ची मात्र असते. तेथे हिवाळ्यात फुलवावे असे एक फूल म्हणजे डायन्थस. या ग्रीक नावाचा अर्थ ‘देवाचे फूल’. पाकळ्यांच्या कडा नागमोडी कात्रीने कातरलेल्या कापडासारख्या असतात. इंग्रजीत त्याला पिंक म्हणतात. गुलाबी रंगाला ते नाव या फुलावरूनच पडले.

युरोपातील बागांत त्याच्या काही जाती हिम सोसून वर्षानुवर्षे फुलतात. वऱ्हाडात त्यांची खरी परीक्षा मे महिन्यातील 45 अंशांचे ऊन आणि त्यामागून येणारा पाऊस घेतो.

चातुर्मासात माती उकरणे अनेक श्रावक टाळतात. कार्तिकी पौर्णिमेनंतर हवा गार होते. तोच या पेरणीस योग्य काळ. वऱ्हाडच्या काळ्या मातीतील चुनखडी डायन्थसला मानवते, परंतु ती माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. म्हणून माती, वाळू व चांगले कुजलेले खत समभाग घ्यावे. बियांवर मातीचा पातळ थर पुरे. साधारण 7 ते 14 दिवसांत अंकुर दिसतात. चार-पाच पाने फुटल्यावर रोपे वेगळी करून उन्हात ठेवावीत.

पाणी गाळून, सकाळी आणि वरची माती सुकल्यावरच द्यावे. सतत ओल राहिली तर रोपही मरते आणि कुंडीत जीवोत्पत्तीही वाढते. येथे जयणा हीच उत्तम बागकाम ठरते. फेब्रुवारीपासून फुले येतात. सुकलेली फुले काढल्यास नव्या कळ्या धरतात. पूजेत फुले वाहण्याविषयी संप्रदायांचे आचार भिन्न आहेत. रोपावर उमललेले फूल मात्र सर्वांच्याच डोळ्यांना सुखावते.

मार्चअखेर कुंडी सावलीत, पावसाळ्यात छपराखाली न्यावी. तरीही बहुतेक रोपे दगावतात, म्हणून बियांची बेगमी आधीच करावी. सशक्त रोपावरची काही फुले राखावीत. बोंडे पिवळसर होऊन टोकाशी उघडली की बी सुकवून कागदी पुडीत, रंग व महिना लिहून ठेवावे. संकरित वाणाचे बी मूळ रोपासारखे निघत नाही. प्रथम खरेदी करताना साधे वाण मागावे.

मग पुढल्या कार्तिकात बाजारात जाण्याची गरज उरत नाही. घरचीच पुडी उघडावी.