उसण भरली म्हणून घरी जाण्यापूर्वी

आपल्या या सुकापूर-पनवेलच्या पट्ट्यातून तळोज्याच्या कारखान्यांत आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात माणसे कामाला जातात. एखाद्याचे बोट यंत्रात सापडले तर रक्त दिसते, धावाधाव होते, साक्षीदार आपोआप मिळतात. पाठीचे तसे नाही. गोणी उचलताना कळ येते, माणूस ‘उसण भरली’ म्हणून पाळी कशीबशी पुरी करतो, घरी तेल चोळून घेतो, आणि सकाळी अंथरुणातून उठवत नाही. मग मालक विचारतो, हे कामावरच झाले कशावरून?

आमच्या एका सोबत्याने डॉक्टरांना नुसते ‘कंबर दुखते’ एवढेच सांगितले. केसपेपरवर तेच उतरले. पुढे आम्ही भरपाई मागायला गेलो तेव्हा समोरच्या वकिलाने तोच कागद काढून दाखवला. आम्ही कायदा वाचायला शिकलो तो त्या दिवसापासून.

१९२३ सालच्या नुकसानभरपाईच्या कायद्यात दोन अटी होत्या : अपघाताची सूचना शक्य तितक्या लवकर द्यावी, आणि दावा दोन वर्षांच्या आत करावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. या अटी मात्र राहिल्या. लोकांना दोन वर्षे तेवढी लक्षात राहतात. मालकाला अपघात त्याच सुमारास अन्य मार्गाने कळला असेल, किंवा उशिराला सबळ कारण असेल, तर केवळ सूचनेअभावी दावा बुडत नाही, हे खरे. परंतु ते सिद्ध करण्याचे ओझे पुन्हा त्याच दुखऱ्या पाठीवर येते.

सूचनेला वकील लागत नाही. इजेचे कारण साध्या भाषेत लिहावे, असे जुना कायदाच सांगत असे. नाव, पत्ता, तारीख, आणि ‘दहाच्या सुमारास गोणी खांद्यावर घेताना पाठीत कळ आली, शेजारी अमुक होता’, एवढे पुरे. ‘बरेच दिवस पाठ दुखते’ असे लिहिले की त्यातून अपघातच नाहीसा होतो. मुकादमाच्या कानावर घातले म्हणजे झाले, असे समजू नये. कागद मालकाकडे किंवा त्या खात्याचा कारभार पाहणाऱ्याकडे द्यावा, नकलेवर पोच घ्यावी. घेत नसतील तर टपालाने नोंदणी करून पाठवावा. ज्यांच्या पगारातून राज्य विम्याची वर्गणी कापली जाते त्यांना पैसे मालकाकडून नव्हे, विमा महामंडळाकडून मिळतात. त्यांनी अपघातवहीतील नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

तक्रार केली तर उद्या मुकादम बोलावणार नाही, ही भीती असते. ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच आम्ही टोळीला सांगतो की सूचना घेऊन जाताना त्या माणसाला एकट्याला पाठवू नका, दोघे बरोबर जा.