पडलेल्यांची जमा बाजू

आपल्या घरात मूल संगणकावर खेळ लावून बसले, की आपण पालक एकच प्रश्न विचारतो, ‘अभ्यास झाला का?’ प्रश्न रास्त आहे. पण मूल नेमके काय खेळते आहे, हे आपण सहसा विचारत नाही. आमचे सांगणे असे, की एकदा शेजारी स्टूल घेऊन बसावे आणि पाहावे. काही खेळांत पालकांनीही शिकण्यासारखे असते. ‘सेलेस्ट’ हा असाच एक खेळ.

मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी या दोघांनी तो आधी अवघ्या चार दिवसांत, लहान स्वरूपात तयार केला. पुढे सहकारी घेऊन वाढवलेला मोठा खेळ जानेवारी २०१८ मध्ये बाजारात आला. मॅडलिन नावाची, मनातल्या भीतीने ग्रासलेली मुलगी कॅनडातील सेलेस्ट पर्वत चढायला निघते, एवढीच कथा. कळाही मोजक्याच. दिशेसाठी बाणांची बटणे, उडीसाठी ‘सी’, हवेत झेप घेण्यासाठी ‘एक्स’ आणि भिंत धरण्यासाठी ‘झेड’. झेप एकदा घेतली, की पाय जमिनीला लागेपर्यंत सहसा दुसरी मिळत नाही. काटे, कोसळणारे दगड, सरकते ठोकळे यांतून वाट काढताना बोटांची तारांबळ उडते. पाहणाऱ्याला वाटते, हे मूल नुसते मरतेच आहे!

पण गंमत पुढेच आहे. जुन्या, नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर हरणे महाग असे. मोजके जीव संपले, की दुसरे नाणे टाका. ‘सेलेस्ट’मध्ये जीव मोजून दिलेले नाहीत. मॅडलिन पडली, की क्षणात त्याच टप्प्याच्या सुरुवातीला उभी. ना दंड, ना टोमणा. प्रकरण संपल्यावर आपण कितीदा पडलो, तो आकडा मात्र समोर येतो. आम्ही कारकुनी करणारी माणसे; आकडा दिसला, की तो जमेचा की नावेचा, हे आधी पाहतो. हा खेळ पडण्याचा आकडा बेधडक जमेला धरतो. जितके पडलात, तितके शिकलात, असा त्याचा हिशेब.

खेळ अवघड आहे, पण दुष्ट नाही. कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडीचे बटण दाबले, तर ती उडी मान्य होते. खेळणाऱ्याला ही सवलत दिसतही नाही. त्याखेरीज मदतीची वेगळी सोय आहे. खेळाचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो, हवे तर काट्यांनी न मरण्याची मुभा घेता येते. अशी मदत घेणाऱ्यालाही शिखर तेच आणि शेवटही तोच मिळतो.

कथेत मॅडलिन बरीच उंची गाठल्यावर थेट पर्वताच्या तळाशी कोसळते. तेथे ती आपल्याच भीतीशी समेट करते. मग तिला हवेत एकाऐवजी दोन झेपा मिळतात आणि ती पुन्हा तळापासून चढू लागते.

आता आपल्या घराकडे पाहू. दहावीला मूल एका विषयात अडकले, की आपण काय करतो? नातेवाइकांपासून लपवतो, शेजारच्या मुलाचे गुण ऐकवतो आणि ‘तुझ्याने होणार नाही’ म्हणून कामाला लावतो. ज्या घरात आई-बाप शाळेची पायरी फार चढले नाहीत, तेथे ते मूल शाळेत परतेलच, याची खात्री कोण देणार? महाराष्ट्रात २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी जुलैमध्ये घेतली जाऊ लागली, ती वर्ष वाया जाऊ नये म्हणूनच. परीक्षा मंडळाला जे उमगले, ते आपल्या ओट्यावर अजून का उमगू नये?

खेळाला वेळेची मर्यादा हवीच. अभ्यास, झोप आणि मैदान बुडता कामा नये. पण मूल खेळत असताना ‘किती वेळा मेलास?’ म्हणून हसू नका. ‘या खेपेला काय वेगळे केलेस?’ असे विचारा. आणि हाच प्रश्न, त्याच आवाजात, प्रगतिपुस्तक हातात आल्यावरही विचारा. मूल उत्तर देईल. ते पूर्ण ऐकून घ्या, शिकवणी लागत असेल तर लावा आणि फेरपरीक्षेचा अर्ज मुदतीत भरा.