तीन आकड्यांत मावलेली पंधरा मिनिटं

माणकोलीपासून दापोडे, वळपर्यंत पसरलेल्या भिवंडीच्या गोदामपट्ट्यात कुठलं खोकं कुठल्या रॅकवर आहे, हे माणसांआधी सर्व्हरला ठाऊक असतं. तो सर्व्हर लिनक्सवर चालत असेल, तर त्याची खबरबात घ्यायला काळ्या पडद्यावर एकच शब्द टाइप करायचा: अपटाइम. एंटर दाबताच एक ओळ उमटते. समजा, ती सांगते की आत्ता १४:०५ वाजलेत, यंत्र ४१ दिवस सलग चालू आहे, १९ यूजर लॉगिन आहेत आणि लोड ॲव्हरेज आहे ९.००, ६.००, ३.००. संपली ओळ. तिच्यात काय काय दडलंय ते मात्र अचंबित करणारं आहे.

आधी दिवस. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. तो जागा झाल्या क्षणापासूनचा काळ इथे दिसतो. साहजिकच गावातल्या विजेची हकिकतही त्यात उतरते. लोडशेडिंगच्या काळात यूपीएसने मान टाकली, की हा आकडा शून्यावर येई. पण वीज अखंड असली तरी जुन्या ३२ बिटांच्या लिनक्सवर एक गंमत होई. कर्नल सेकंदाला १०० ठोके मोजायचा आणि मोजणीच्या खान्यात जेमतेम ४२९ कोटी ठोके मावायचे. त्यामुळे ४९७ दिवस झाले, की एक क्षणही बंद न पडलेलं यंत्र ‘मी आत्ताच सुरू झालो’ असं सांगू लागे!

मग यूजर. हे १९ म्हणजे १९ माणसं नव्हेत, ही १९ लॉगिन सत्रं आहेत. एकाच माणसाने तीन खिडक्यांतून लॉगिन केलं, तर तो तीनदा मोजला जातो. वेबसाइटवरून ऑर्डर देणारे हजारो ग्राहक या गणतीत येतच नाहीत. उलट, गोदामांच्या काही जुन्या प्रणालींत हातातला बारकोड स्कॅनर टेलनेट किंवा एसएसएचने थेट सर्व्हरवर लॉगिन होतो. तिथे स्कॅनर हाच यूजर. कोण, कुठून, कधी आलं आणि आत्ता काय चालवतंय, हे पाहायला आज्ञा आहे फक्त एका अक्षराची: डब्ल्यू. तिची थोरली बहीण ‘हू’ लिनक्सची पूर्वज प्रणाली युनिक्स हिच्या १९७१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे; अपटाइम आणि डब्ल्यू १९७९च्या अखेरीस बर्कलीच्या युनिक्सबरोबर आल्या.

खरी जादू शेवटच्या तीन आकड्यांत आहे. गोदामाला चार डॉक आहेत असं समजा. हे प्रोसेसरचे चार कोअर आणि ट्रक म्हणजे त्यांच्याकडे आलेली कामं. चारही डॉकला ट्रक लागलेत आणि फाटकाबाहेर कोणी नाही, तर लोड ४. नऊ असेल तर पाच ट्रक रांगेत. डॉक किती, हे न पाहता लोड जास्त की कमी ते ठरत नाही. ती संख्या ‘एनप्रोक’ ही आज्ञा सांगते. तीन आकडे अनुक्रमे १, ५ आणि १५ मिनिटांचे. ९, ६, ३ म्हणजे गर्दी वाढतेय. ३, ६, ९ म्हणजे ओसरतेय.

पण पंधरा मिनिटांपूर्वीची रांग यंत्र लक्षात ठेवतं कुठे? कुठेच नाही! दर ५ सेकंदांच्या सुमारास कर्नल डॉकवरचे आणि रांगेतले ट्रक मोजतो. एक मिनिटाच्या आकड्यासाठी जुन्या आकड्याचे ९२ टक्के आणि नव्या मोजणीचे ८ टक्के घेऊन बेरीज करतो. पंधरा मिनिटांच्या आकड्यात नव्याचा वाटा अर्ध्या टक्क्याहून जरासाच जास्त. नोंदवही नाही, यादी नाही. प्रत्येक आकड्यात आधीचा सगळा काळ विरत विरत शिल्लक राहतो. म्हणूनच रिकाम्या यंत्रावर एकच काम पूर्ण मिनिटभर चाललं, तरी एक मिनिटाचा लोड १ नव्हे, ०.६३च्या आसपास दिसतो.

लोड मोजायची कल्पना लिनक्सहून जुनी. टेनेक्स या प्रणालीचे लोड ॲव्हरेज ऑगस्ट १९७३ मध्येच इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या अर्पानेटच्या एका टिपणात प्रसिद्ध झाले होते. लिनक्सने १९९३ मध्ये त्यात आपली भर घातली: डिस्ककडून उत्तर यायची वाट पाहत अडकलेली कामंही मोजायची. ट्रक डॉकला लागलाय, पण गेटपास आला नाही म्हणून माथाडी हात बांधून उभे, असा हा प्रकार. त्यामुळे लोड २० आणि प्रोसेसर मात्र निवांत, हेही शक्य आहे. अशा वेळी आणखी कोअर घेण्यात पैसे घालवू नयेत. आधी डिस्क तपासावी.

या आकड्याचं गणित करणाऱ्या कर्नलच्या फाइलमध्ये वरच टीप आहे: आकडा तसा खुळचटच, पण लोकांना तो महत्त्वाचा वाटतो. त्याच फाइलीत तो मोठ्या यंत्रांवरही अचूक यावा म्हणून केलेली खटपट ओळीओळीने दिसते. लोकांना वाटतं ते चुकीचंही नाही. सर्व्हर मंदावल्याची हाक आली, की पहिली पाच सेकंदं या ओळीला द्यावीत. वीज गेली होती का, गर्दी कोणाची आहे आणि ती वाढतेय की ओसरतेय, यांतला पुढचा प्रश्न कोणता विचारायचा ते तिथेच कळतं.