स्ट्रिंगचा शेवट तपासणे

स्ट्रिंगचा शेवट तपासणे ही संगणकीय आज्ञालेखनातील एक मूलभूत क्रिया आहे. स्ट्रिंग म्हणजे ओळीने मांडलेल्या चिन्हांची मालिका. ती एखाद्या ठरावीक खंडाने (पुढे 'अंत्यखंड') संपते की नाही, याचे उत्तर ही क्रिया 'होय' किंवा 'नाही' असे देते. फाइलच्या नावावरून तिचा प्रकार ओळखणे, शब्दातील विभक्तिप्रत्यय वेगळा काढणे अशा कामांसाठी तिचा उपयोग होतो.

उदाहरण

रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) किनाऱ्यावरील आडनावे हे या क्रियेचे सोयीचे उदाहरण आहे. गावाच्या नावाला 'कर' जोडून आडनाव करण्याची कोकणातील रीत येथील बेने इस्रायली ज्यू समाजानेही स्वीकारली. पेणवरून पेणकर, किहीमवरून किहीमकर, रोह्यावरून रोहेकर, दिवेआगरवरून दिवेकर ही आडनावे त्यांच्यात आढळतात. या समाजाचा इतिहास लिहिणाऱ्या हाईम सॅम्युएल केहीमकर यांचे आडनावही याच घडणीचे आहे. त्यांचा ग्रंथ १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. एखाद्या नामावलीतून अशी आडनावे वेगळी काढायची असल्यास प्रत्येक नाव 'कर' ने संपते का, हे तपासावे लागते.

कार्यपद्धती

युनिकोडमध्ये 'किहीमकर' या शब्दात क, ि, ह, ी, म, क, र अशी ७ चिन्हे आहेत आणि 'कर' मध्ये २. सातातून दोन वजा केल्यावर उरलेल्या पाच चिन्हांनंतरचा भाग 'कर' शी जुळवून पाहिला की काम झाले. अंत्यखंड मूळ स्ट्रिंगपेक्षा लांब असेल तर उत्तर 'नाही' येते, तर रिकामा अंत्यखंड प्रत्येक स्ट्रिंगच्या शेवटी आहे असे मानतात.

पायथॉन व जावा या भाषांत यासाठी तयार सोय आहे. जावास्क्रिप्टमध्ये ती २०१५ च्या आवृत्तीत, तर पीएचपीमध्ये २०२० च्या ८.० आवृत्तीत आली. त्यापूर्वी जावास्क्रिप्टमध्ये वापरली जाणारी एक युक्ती फसवी होती. अंत्यखंड स्ट्रिंगमध्ये शेवटचा कोठे सापडतो ते स्थान आणि दोहोंच्या लांबीतील फरक समान आहेत का, एवढेच ती पाहत असे. अंत्यखंड न सापडल्यास स्थान −१ मिळते. 'दिवे' मध्ये ४ चिन्हे आणि 'गावकर' मध्ये ५, म्हणजे फरकही −१. परिणामी 'दिवे' हा शब्द 'गावकर' ने संपतो, असे उत्तर मिळे! लांबी आधी तपासली असती तर हा दोष उद्भवला नसता.

पायथॉनमध्ये अंत्यखंड काढून टाकताना वेगळीच चूक होते. 'आरस्ट्रिप' ही क्रिया दिलेला खंड नव्हे, तर त्यातील कोणतेही चिन्ह शेवटाकडून काढत जाते. त्यामुळे 'पोलादपूरकर' मधून 'कर' काढू पाहिल्यास 'पोलादपू' उरते. ३.९ आवृत्तीतील 'रिमूव्हसफिक्स' वापरल्यास 'पोलादपूर' हे योग्य रूप मिळते.

देवनागरीतील अडचणी

संगणक चिन्हे जुळवतो, अक्षरे नव्हे. 'भास्कर' हा शब्द भ, ा, स, ्, क, र असा साठवलेला असल्याने तोही 'कर' ने संपतो, असेच उत्तर येते. प्रत्यक्षात तेथे 'स्क' हे जोडाक्षर मधोमध तुटते. अंत्यखंडाच्या लगेच आधी हलन्त चिन्ह नाही, ही अट घातल्यास 'भास्कर' वगळला जातो. 'शंकर' मात्र या चाळणीतूनही सुटतो. तेथे गावांची यादीच हाताशी हवी, आणि तीही जपून वापरावी लागते, कारण 'रोहेकर' मधून 'कर' काढल्यावर 'रोहा' न मिळता 'रोहे' मिळते.

मराठीतील 'ऱ्य' ची अडचण अधिक छुपी आहे. 'किनाऱ्यावर' मधील 'ऱ' हे एकच चिन्ह म्हणून किंवा 'र' आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी साठवता येते. ही दोन रूपे युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एकसारखी होतात. परंतु अनेक मजकुरांत 'र', हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशी तिसरी रचना आढळते आणि ती प्रमाणीकरणानंतरही वेगळीच राहते. पडद्यावर शब्द तोच दिसत असूनही तपासणीचे उत्तर 'नाही' येते. अशा मजकुरात ही तिसरी रचना आधी स्वतंत्रपणे बदलून घ्यावी लागते. नावाच्या शेवटी चुकून राहिलेल्या रिकाम्या जागेनेही हेच घडते, पण ती काढणे सोपे आहे.