मागे राहिलेल्या पत्नीचा घरावरील हक्क : कायद्याची परिभाषा आणि विधवेची कथनरूपे

भारतीय साहित्यातील विधवेच्या चित्रणाविषयी तौलनिक अभ्यासकांनी विपुल लेखन केले आहे. केशवपन, पुनर्विवाह, एकाकीपण, इच्छा आणि पाप यांविषयीच्या कल्पना अशा अनेक अंगांनी हे चित्रण तपासले गेले आहे. तथापि पती निवर्तल्यानंतर ती ज्या घरात राहते ते घर आता कोणाचे, हा साधा प्रश्न या चर्चेत बहुधा बाजूला पडतो. तो कायद्याच्या अभ्यासकांचा विषय आहे, असे आपण गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न साहित्याभ्यासाच्या कक्षेत आणण्याचा प्रयत्न केला आहे. कायद्याचे तपशील आवश्यक तेवढे दिले आहेत, कारण त्यांच्यावाचून पुढील विवेचन अधांतरी राहील.

१. एक दस्तऐवज

या विषयाकडे मी एका दस्तऐवजामुळे वळले. अभ्यागत प्राध्यापक म्हणून मी मुनिरका येथे राहत असताना, शेजारच्या सदनिकेतील एका वयोवृद्ध मराठी बाईंनी दोन कागद वाचून दाखवण्याची विनंती केली. त्यांचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. सदनिका एकट्या यजमानांच्या नावे, मृत्युपत्र केलेले नाही, आणि मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी. कागद होता हक्कसोडपत्राचा मसुदा. आईने आणि बहिणीने आपापला हिस्सा दोघा भावांच्या लाभात सोडून द्यावा, असा त्याचा आशय होता. त्यात कोणताही मोबदला न घेता, केवळ नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, असे शब्द होते. बाईंनी ते पुन्हा वाचायला सांगितले आणि विचारले, "म्हणजे मी सही नाही केली, तर माझं मुलांवर प्रेम नाही, असं होतं का हो?"

या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही. तो संहितेच्या वाचनाचा प्रश्न आहे. 'प्रेम व आपुलकी' हे दस्तलेखनातील ठरीव सूत्र आहे. मोबदला घेतलेला नाही, एवढेच सांगण्याचे काम ते करते. परंतु वाचणारी आई त्याला भावनेचे विधान मानते. एकाच वाक्याची ही दोन वाचने, आणि त्यांच्या मधल्या जागेत एक घर.

त्यांची स्वतःची समजूत अशी होती की सदनिका आपोआप त्यांच्याच मालकीची झाली आहे, कारण यजमानांनी त्यांना नामनिर्देशित केले होते. ही समजूत सार्वत्रिक आहे आणि चुकीची आहे. नामनिर्देशित व्यक्तीकडे मालमत्ता सोपवली जाते, पण मालकी वारसाहक्कानेच ठरते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीच्या भागांबाबत हीच भूमिका मांडली. तो वाद मराठी घराघरांत पोहोचलेल्या 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातील होता. नगरपालिकेच्या दफ्तरातील नावबदलाचेही तसेच आहे. महाराष्ट्रात ज्याला 'फेरफार' म्हणतात आणि दिल्लीत 'दाखिल-खारिज', त्या नोंदीने कर कोणी भरावा हे ठरते, मालकी सिद्ध होत नाही.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मृत्युपत्र न करता निवर्तलेल्या पुरुषाची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातील वारस होत, आणि त्यांना समान वाटे मिळतात. म्हणून या बाईंचा हिस्सा एक चतुर्थांश. सदनिका दोघांच्या नावे निम्मी निम्मी असती, तर अर्धा भाग मुळात त्यांचाच राहिला असता आणि उरलेल्या अर्ध्याचा चौथा हिस्सा मिळून त्यांच्याकडे पाच अष्टमांश आले असते. संसार तोच आणि वर्षेही तितकीच, पण खरेदीखतावरील एका नावाने इतका फरक पडतो.

२. एका परिसरातील तीन व्यवस्था

मुनिरका हे या प्रश्नासाठी विशेष बोलके ठिकाण आहे. येथे मालमत्तेच्या तीन व्यवस्था हाकेच्या अंतरावर नांदतात. पहिली दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिकांची, जिचे उदाहरण वर आले.

दुसरी 'लाल डोरा'ची. महसूल खात्याने गावठाणाभोवती आखलेल्या सीमारेषेला दिल्लीत हे नाव आहे. तिच्या आतील घरांना शेतसारा नव्हता, म्हणून मालकीची नोंदही शेतजमिनीसारखी राहिली नाही. येथील व्यवहार दीर्घकाळ कुलमुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र यांच्या जुडग्यावर चालले. अशा कागदांनी स्थावराची मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. जिच्या पतीने आयुष्याची पुंजी घालून अशी खोली घेतली, तिला वारसा म्हणून काय मिळते? पतीकडे जेवढा हक्क होता तेवढाच, म्हणजे ताबा आणि कागदांची पिशवी.

तिसरी व्यवस्था शेतजमिनीची. मुनिरका परिसरातील शेती आता नकाशावरून पुसली गेली आहे, परंतु दिल्लीच्या ग्रामीण भागात तिची स्मृती आणि तिचे खटले जिवंत आहेत. दिल्ली जमीन सुधारणा अधिनियम, १९५४ च्या कलम ५० मध्ये भूमिधराचा वारसा प्रथम पुरुष वंशजांकडे जात असे. मुलगा किंवा मुलाचा मुलगा असेपर्यंत विधवेचा क्रम येतच नसे. १९५६ च्या कायद्याने अशा जमीनविषयक कायद्यांना हात लावला नव्हता. ती सूट २००५ च्या दुरुस्तीने काढून टाकली, आणि २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 'निर्मला विरुद्ध दिल्ली सरकार' या प्रकरणात विधवेच्या बाजूने निर्णय देताना या बदलाचा आधार घेतला. मात्र मूळ भूमिधराचा मृत्यू त्या दुरुस्तीपूर्वीचा असेल, तर ती मागे जाऊन लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हरनारायणी देवी प्रकरणात म्हटले. म्हणजे विधवेचा हक्क पतीच्या मृत्यूच्या तारखेवर अवलंबून राहिला.

या परिसरातील जाट समाजाच्या प्रथेत 'करेवा' हा शब्द आढळतो. विधवेचा विवाह बहुधा दिरांपैकी एकाशी लावून देणे, असा त्याचा अर्थ. महाराष्ट्रातील उच्चवर्णीय घरांत विधवेला विवाहाची बंदी होती, तर येथे विवाहाची जवळजवळ सक्ती. वरवर पाहता ही दोन टोके आहेत. परंतु प्रेम चौधरी यांनी हरियाणाविषयीच्या आपल्या संशोधनात दाखवल्याप्रमाणे, करेव्यामागे जमीन कुटुंबाबाहेर जाऊ न देण्याचा हेतू होता. केशवपन केलेली महाराष्ट्रातील विधवा आणि ओढणी पांघरून पुन्हा संसारात बसवलेली येथील विधवा यांच्या कथा परस्परविरुद्ध वाटल्या, तरी सातबारा आणि खतौनी यांच्या नजरेतून त्या एकाच कथेची दोन पाठभेदरूपे ठरतात.

३. मिताक्षरा, दायभाग आणि कादंबरीचे कथानक

परंपरेने हिंदू वारसाविचाराच्या दोन प्रमुख शाखा मानल्या जातात. विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिली गेली. ते कल्याणी म्हणजे मराठी सीमाभागाला लागून असलेले आजचे बसवकल्याण. मिताक्षरेनुसार निपुत्रिकाच्या विधवेला वारसा मिळतो, पण पती कुटुंबातून विभक्त झालेला असेल तरच. एकत्र कुटुंबात पतीचा वाटा त्याच्यामागे उरलेल्या सहदायिकांत विरून जातो आणि विधवेकडे राहतो तो अन्नवस्त्राचा हक्क. बंगालमध्ये प्रमाण असलेल्या जीमूतवाहनाच्या 'दायभागा'त निपुत्रिक विधवेला एकत्र कुटुंबातही पतीचा वाटा मिळे, जरी तो तिच्या हयातीपुरताच असे. शिवाय तेथे पिता आपल्या मालमत्तेचा पूर्ण स्वामी असल्याने मृत्युपत्र करू शके. मिताक्षरेतील सहदायिकाला आपला अविभक्त वाटा मृत्युपत्राने देण्याची मुभा १९५६ पर्यंत नव्हती.

हा भेद लक्षात घेऊन दोन भाषांतील कादंबऱ्या शेजारी ठेवाव्यात. बंकिमचंद्रांच्या 'कृष्णकान्तेर उइल' या १८७८ च्या कादंबरीचे शीर्षकच मृत्युपत्र आहे. ते बदलले जाते, चोरले जाते, आणि रोहिणी ही विधवा त्या चोरीच्या केंद्रस्थानी असते. पुढे वृद्ध जमीनदार पुतण्याऐवजी त्याच्या पत्नीच्या, भ्रमरच्या, नावे मालमत्ता करतो आणि पत्नीच्या धनावर जगण्याचा अपमान त्या पुतण्याला सोसवत नाही. हे कथानक दायभागाच्या भूमीतच सहज उगवू शकते. याउलट बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) आणि हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो!' या कादंबऱ्यांत संघर्षाचे स्थळ विधवेचा देह आहे. तिचे मस्तक, तिचे वस्त्र, तिचे अन्न. मृत्युपत्र येथे कथानकाला वळण देत नाही, कारण एकत्र कुटुंबातील पुरुषाकडे ते करण्याजोगे फारसे काही नव्हतेच.

या फरकाचे श्रेय सामान्यतः बंगाली रोमँटिकता आणि मराठी सुधारणावाद यांना दिले जाते. ते स्पष्टीकरण त्याज्य नाही, पण अपुरे आहे. जिथे विधवेच्या हाती मालमत्ता येण्याची शक्यता होती, तिथे कादंबरीने तिच्यात धोका पाहिला. जिथे ती शक्यता नव्हती, तिथे तिच्यात करुणा पाहिली. कायदा कथानक लिहीत नाही हे खरे, परंतु कोणते कथानक संभाव्य आहे हे तो बऱ्याच अंशी ठरवतो.

४. 'अन्नवस्त्र' ते 'हक्क'

कायद्याच्या परिभाषेचा प्रवासही अभ्यासनीय आहे. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने विवाहाची मोकळीक दिली, पण पुनर्विवाह करणारीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला. पुढचा टप्पा दिल्लीतच घडला आणि तो एका मराठी माणसाने घडवला. मुंबईचे शल्यविशारद डॉ. गो. वि. देशमुख यांनी केंद्रीय विधिमंडळात मांडलेला विधवांच्या हक्कांचा कायदा १९३७ मध्ये संमत झाला आणि 'देशमुख कायदा' म्हणून ओळखला गेला. विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, पण मर्यादित मालकीचा. ती उपभोगू शके, सर्वसाधारणपणे विकू शकत नसे. प्रांतांतील शेतजमिनीला तो लागू होत नाही, असे फेडरल कोर्टाने १९४१ मध्ये ठरवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू संहितेद्वारे ही मर्यादा मोडण्याचा प्रयत्न केला आणि ते विधेयक अडल्यावर सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

१९५६ च्या कायद्यातील कलम १४ ने अखेर स्त्रीच्या मर्यादित मालकीचे पूर्ण मालकीत रूपांतर केले. १९७७ च्या तुलसम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की अन्नवस्त्राच्या बदल्यात विधवेला मिळालेली मालमत्ता, कागदात काहीही मर्यादा लिहिली असली तरी, तिच्या पूर्ण मालकीची होते, कारण अन्नवस्त्र हा तिचा आधीपासूनचा हक्क होता. ज्या शब्दाने तिला शतकानुशतके आश्रिताच्या जागी बसवले, त्याच शब्दाचे असे फेरवाचन झाले.

तरीही असमतोल उरतोच. विधवा स्वतः निपुत्रिक आणि मृत्युपत्राविना निवर्तली, तर तिची स्वकष्टार्जित मालमत्ताही प्रथम पतीच्या वारसांकडे जाते. सासरहून हाकलून दिलेल्या, माहेरच्या आधाराने शिकून नोकरी केलेल्या एका स्त्रीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाला २००९ मध्ये ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण प्रकरणात हाच नियम लावावा लागला.

गोव्याची व्यवस्था येथे तुलनेसाठी उपयुक्त ठरते. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या आणि २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात टिकलेल्या तत्त्वानुसार, वेगळा करार नसल्यास विवाहाबरोबर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते. पती गेल्यावर पत्नीचा अर्धा भाग हा वारसा नसतो, तो आधीचाच तिचा असतो. वाटणी होते ती उरलेल्या अर्ध्याची. म्हणजे मांडवीच्या काठी जी स्त्री मालक आहे, तीच यमुनेच्या काठी अनेक वारसांपैकी एक आहे. मराठीत पतीला 'धनी' म्हणतात आणि पत्नीला 'अर्धांगी'. पहिल्या शब्दाला कायद्याचे पाठबळ सर्वत्र होते, दुसऱ्याला ते फक्त गोव्यात मिळाले.

५. समारोप

हक्कसोडपत्रातील त्या सूत्राकडे पुन्हा वळू. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यानुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळवता येते. पण अट होती हे कसे ठरवायचे? डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अशी हस्तांतरे पुष्कळदा प्रेमापोटी, अपेक्षेविना होतात, म्हणून अट होती हे सिद्ध व्हायला हवे. जानेवारी २०२५ मधील ऊर्मिला दीक्षित प्रकरणात या कायद्याचा उदार अर्थ लावण्यावर भर दिला गेला, आणि तेथे मुलाने सांभाळाची हमी लेखी दिलेली होती. म्हणजे ज्या दस्तात केवळ प्रेम लिहिलेले असते, तो प्रेम आटल्यावर आईच्या फारसा उपयोगी पडत नाही.

शेजारच्या बाईंना मी एवढेच सांगितले की हा मजकूर तुमच्या प्रेमाविषयी नाही, तुमच्या चौथ्या हिश्श्याविषयी आहे, आणि सही करण्यापूर्वी स्वतःचा वकील गाठावा. त्यांनी कागद घडी करून गॅसच्या पुस्तकात ठेवला. सहा महिन्यांनी मी मुनिरका सोडले, तेव्हा तो तेथेच होता. मुले दिवाळीला येऊन गेली होती. "मुलं काही बोलली नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि मीही विषय काढला नाही."

साहित्याचे अभ्यासक म्हणून आपण विधवेचे मौन वाचायला शिकलो आहोत. त्या मौनात दुःखाबरोबर एखादा न केलेला दस्तही असू शकतो, याची जाणीव ठेवली, तर जुन्या कादंबऱ्यांचे आपले वाचन अधिक नेमके होईल. कदाचित आपल्या शेजारी कोणी कागद घेऊन आले, तर तेही आपण अधिक नेमकेपणाने वाचून दाखवू शकू.