सर्वचाकी चालन : निसरड्या रस्त्यांवरील

सर्वचाकी चालन : मोटारगाडीच्या एंजिनाची शक्ती पुढील किंवा मागील दोनच चाकांना न देता चारही चाकांना पुरविण्याच्या योजनेस सर्वचाकी चालन म्हणतात. बोलीत हीच योजना ‘फोर-बाय-फोर’ किंवा ‘फोर व्हील ड्राइव्ह’ या नावांनी ओळखली जाते. चिखल, वाळू, ओली चढण अशा ठिकाणी गाडी पुढे नेण्याची क्षमता या योजनेमुळे पुष्कळच वाढते. गाडी थांबविण्याची क्षमता मात्र तिच्यामुळे वाढत नाही. वळणावरील सुरक्षित वेगाची कमाल मर्यादाही तीच राहते. हा भेद लक्षात न घेतल्यास ओल्या रस्त्यावर चालकाच्या मनात फाजील आत्मविश्वास निर्माण होतो व तो अपघातास कारणीभूत ठरू शकतो.

इतिहास : अंतर्ज्वलन एंजिनाची शक्ती चारही चाकांना देणारी पहिली मोटारगाडी नेदर्लंड्समधील स्पायकर कंपनीने १९०३ मध्ये तयार केली. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून मोठ्या संख्येने तयार झालेल्या अमेरिकन जीप गाडीमुळे ही योजना जगभर माहीत झाली. युद्धानंतर काही वर्षांतच मुंबईत महिंद्र कंपनीने जीपच्या जुळणीस प्रारंभ केला. महाराष्ट्रातील वनखाते, पाटबंधारे खाते व पोलीस यांच्या कामात ही गाडी दीर्घकाळ रूढ होती. डांबरी रस्त्यावर वेगाने धावणाऱ्या गाड्यांत ही योजना प्रथम ब्रिटनमधील जेन्सन एफएफ (१९६६) या गाडीत आली. जर्मनीतील ऑडी क्वात्रो (१९८०) या गाडीमुळे तिला लोकप्रियता लाभली. पुणे परिसरातील मोटार उद्योगाचाही या इतिहासाशी संबंध आहे. पिंपरी येथील टाटांच्या कारखान्यात तयार झालेली सफारी (१९९८) ही गाडी चारचाकी चालनाच्या पर्यायासह मिळत असे. पुढे चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातूनही अशा गाड्यांचे उत्पादन सुरू झाले.

याउलट चारही चाकांना ब्रेक बसविण्याची पद्धत १९२०–३० या दशकातच सर्वत्र रूढ झाली. म्हणजे सर्वचाकी चालन काही थोड्या गाड्यांत असले, तरी सर्वचाकी ब्रेक मात्र प्रत्येक मोटारगाडीत असतात. प्रस्तुत विषयाचे मर्म या साध्या वस्तुस्थितीत आहे.

रचना व प्रकार : वळण घेताना गाडीची चारही चाके वेगवेगळ्या त्रिज्यांच्या मार्गांवरून जातात व त्यामुळे वेगवेगळे अंतर कापतात. एकाच धुऱ्यावरील डाव्या व उजव्या चाकांतील हा फरक विभेदी दंतचक्रसंच सामावून घेतो. सर्वचाकी चालनात पुढील व मागील धुऱ्यांमधील फरकही सामावून घ्यावा लागतो. तो कसा सामावला जातो यावरून तीन मुख्य प्रकार पडतात. (१) अर्धकालिक चालन : यात चालक दांडा ओढून किंवा कळ दाबून दोन्ही धुरे एकमेकांना घट्ट जोडतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर असे जोडून वळण घेतल्यास दंतचक्रांवर व दंडांवर पीळ पडतो, टायर घासतात आणि गाडी वळणास विरोध करते. म्हणून हा प्रकार चिखल, वाळू व सैल पृष्ठभाग यांसाठीच वापरावयाचा असतो. (२) पूर्णकालिक चालन : यात दोन धुऱ्यांमध्ये तिसरा विभेदी संच असल्याने ते नेहमीच जोडलेले ठेवता येतात. (३) मागणीनुसार चालन : यात सामान्यतः एकच धुरा चालतो. त्याची चाके घसरू लागल्यास किंवा घसरण्याची शक्यता संवेदकांना जाणवल्यास अनेक तबकड्यांचा क्लच दुसऱ्या धुऱ्यास शक्ती देतो. अलीकडील बहुतेक शहरी गाड्यांत हा तिसरा प्रकार आढळतो.

पकडीचे गणित : रस्ता व टायर यांच्यामधील घर्षण किती बल पेलू शकते, हे घर्षण गुणांकावरून ठरते. कोरड्या डांबरी रस्त्यावर हा गुणांक सु. ०·७, ओल्या रस्त्यावर सु. ०·४ व चिखलाचा किंवा तेलाचा पातळ थर असलेल्या ओल्या रस्त्यावर ०·२५ च्या आसपास असतो. गाडीचे निम्मे वजन प्रत्येक धुऱ्यावर आहे असे मानल्यास, ०·२५ गुणांकाच्या रस्त्यावर दोन चाकांनी चालणारी गाडी स्थूलमानाने ८ मीटरला १ मीटर एवढीच चढण चढू शकते. चारही चाके चालू असल्यास तीच गाडी ४ मीटरला १ मीटर चढण चढते. गाडी हलविण्याची क्षमता येथे दुप्पट होते.

थांबण्याचा हिशेब वेगळा आहे. ताशी ६० किमी. वेगाने जाणारी गाडी सपाट रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत ०·७ गुणांक असताना सु. २० मी., ०·४ असताना सु. ३५ मी. आणि ०·२५ असताना सु. ५७ मी. अंतर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी सु. १७ मी. वाढतात. या हिशेबात कोणत्या चाकांना एंजिनाची शक्ती मिळते याचा कोठेही संबंध येत नाही. वळणाचेही तसेच आहे. ३० मी. त्रिज्येच्या, बाहेरील बाजूस उचल नसलेल्या वळणावर घसरण्यापूर्वीचा कमाल वेग वरील तीन गुणांकांना अनुक्रमे ताशी सु. ५२, ३९ व ३१ किमी. इतका येतो.

टायरची पकड मर्यादित असते व पुढे ढकलणे, थांबविणे आणि वळविणे या तिन्ही कामांसाठी ती एकाच साठ्यातून खर्च होते. पकडीचा ८० टक्के भाग ब्रेकसाठी वापरला, तर वळण्यासाठी ६० टक्क्यांपेक्षा अधिक उरत नाही. सारी पकड ब्रेकमध्येच संपली, तर सुकाणू फिरवूनही गाडी सरळच जाते. सर्वचाकी चालनात एंजिनाचा जोर चार चाकांत वाटला जातो. त्यामुळे वळणातून वेग वाढवीत बाहेर पडताना प्रत्येक टायरपाशी वळण्यासाठी थोडी अधिक पकड शिल्लक राहते. वळणावर शिरताना मात्र हा लाभ मिळत नाही.

येथे एक मानसशास्त्रीय अडचणही आहे. दोन चाकांनी चालणाऱ्या गाडीचे चाक निसरड्या रस्त्यावर निघतानाच गरगरते आणि रस्ता धोक्याचा असल्याचे चालकास कळते. सर्वचाकी गाडी त्याच रस्त्यावरून सहज निघते, त्यामुळे ही पूर्वसूचना मिळत नाही. रस्त्याचा निसरडेपणा मग प्रथम ब्रेक लावतानाच प्रत्ययास येतो.

पुणे परिसरातील निसरडेपणा : शीत कटिबंधातील देशांत शरद ऋतूमधील रस्ते गळलेल्या पानांमुळे व दहिवरामुळे निसरडे होतात. पुण्यात या ऋतूचे वैशिष्ट्य म्हणजे परतीचा पाऊस. श्रावणातील रिपरिप पावसाने रस्ता सतत धुतला जातो. भाद्रपद-आश्विनात मात्र काही दिवस कडक ऊन पडते आणि एखाद्या दुपारी गर्जन्मेघ जमून संध्याकाळी जोराची सर येते. मधल्या कोरड्या दिवसांत तेलाचे थेंब, टायरच्या रबराची भुकटी व धूळ रस्त्यावर साचलेली असते. पहिल्या काही मिनिटांच्या पावसात त्यांचा बुळबुळीत लेप तयार होतो व पाऊस पुरेसा झाल्यावरच तो वाहून जातो. म्हणून सरीची सुरुवात ही सर्वांत धोक्याची वेळ होय. ही वेळ बहुधा कार्यालये सुटण्याच्या वेळेशी जुळते.

बांधकामाच्या ठिकाणांवरून निघणाऱ्या डंपरच्या चाकांबरोबर रस्त्यावर येणारी माती हे दुसरे कारण होय. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत पाणी शोषून फुगणाऱ्या मृत्तिका खनिजांचे प्रमाण मोठे असते. ओली झाल्यावर ती टायरच्या खाचांत चिकटून बसते व खाचा निरुपयोगी करते. दिवाळीच्या सुमारास ऊस वाहणारे ट्रॅक्टर शेतांतून रस्त्यावर येऊ लागले की, पूर्वेकडील तालुक्यांतही हीच स्थिती उद्‌भवते. शहरातील जुन्या वृक्षाच्छादित रस्त्यांवर पाने व बुचाची फुले यांचा सडा पडतो. भिजून चेंगरलेली फुले, रस्त्यावरील रंगविलेले पट्टे व भुयारी गटारांची लोखंडी झाकणे यांवर पकड एकाएकी कमी होते. पुण्यात दुचाकींची संख्या फार मोठी आहे. निसरड्या रस्त्यावर पुढील दुचाकी घसरून पडल्यास मागील गाडी किती अंतरात थांबते यावर एखाद्याचे प्राण अवलंबून असतात.

पाण्याच्या थरावर तरंगणे : रस्त्यावर काही मिलिमीटर पाणी साचले असता वेगाने जाणारे टायर ते पुरेशा त्वरेने बाजूस सारू शकत नाही. चाकाखाली पाण्याची पाचर शिरते व टायर रस्त्यापासून सुटून पाण्यावर तरंगू लागते. अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेत विमानांच्या टायरवर झालेल्या प्रयोगांतून निघालेल्या सूत्रानुसार हा वेग टायरमधील हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यानुसार २२० किलोपास्काल (सु. ३२ पौंड) दाबास तो ताशी सु. ९४ किमी. व १८० किलोपास्काल (सु. २६ पौंड) दाबास सु. ८५ किमी. येतो. झिजलेले टायर याहूनही कमी वेगात तरंगते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात हलक्या वाहनांस ताशी १०० किमी. वेगाची परवानगी आहे. जोराच्या सरीत त्या वेगाने जाणे कोणत्याही मोटारगाडीस धोक्याचे आहे, हे वरील आकड्यांवरून दिसते. तरंगणाऱ्या चार चाकांस शक्ती दिल्याने काहीच साध्य होत नाही. पावसात पकड वाढावी म्हणून टायरमधील हवा कमी करण्याची समजूतही चुकीची आहे. तो उपाय वाळूत किंवा खोल चिखलात उपयोगी पडतो. ओल्या डांबरी रस्त्यावर तो घातक ठरतो.

घाटरस्ते : ताम्हिणी, वरंध, कात्रज व दिवे या घाटांत चढताना सर्वचाकी चालनाचा लाभ स्पष्टपणे जाणवतो. उतरताना गुरुत्वाकर्षण ब्रेकच्या विरुद्ध कार्य करते. १० मीटरला १ मीटर उतार व ०·२५ गुणांक असताना ताशी ६० किमी. वेगाची गाडी थांबण्यास सु. ९४ मी. लागतात. सपाट रस्त्यावर हेच अंतर ५७ मी. असते. उतारावर एक लाभ मात्र खरा आहे. खालच्या गिअरमध्ये एंजिनाकडून होणारा रोध दोन्ही धुरे जोडलेले असल्यास चारही चाकांत विभागला जातो व एखादे चाक घसरण्याची शक्यता घटते. कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या लांब उतारासारख्या ठिकाणी इंधन वाचविण्यासाठी गिअर काढून गाडी सोडून देणे म्हणजे या रोधास मुकणे होय.

चालकाने घ्यावयाची दक्षता : वेग वळणापूर्वी, गाडी सरळ असतानाच कमी करावा. वळणात वेगवर्धक पेडल, ब्रेक व सुकाणू यांचा वापर सावकाश व सलग ठेवावा. कोरड्या रस्त्यावर पुढील वाहनापासून किमान दोन सेकंदांचे अंतर राखण्याचा संकेत आहे. ओल्या रस्त्यावर ते चार सेकंदांचे ठेवावे. वाहतूक व मागील वाहन यांचा अंदाज घेऊन आरंभी एकदा हलकेच ब्रेक लावून पाहिल्यास रस्त्याची खरी स्थिती कळते. गाडीचा पुढील भाग वळणाबाहेर सरकू लागल्यास वेगवर्धकावरील पाय अलगद सैल करावा व सुकाणू अधिक न फिरविता टायरला पुन्हा पकड घेऊ द्यावी. मागील भाग सरकल्यास ज्या दिशेस जावयाचे आहे त्या दिशेस दृष्टी ठेवून सुकाणू तिकडे वळवावे. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत चाके जखडू न देणारी ब्रेक यंत्रणा अनिवार्य आहे. ती असल्यास आणीबाणीत ब्रेक पूर्ण जोराने दाबून धरावा. पायास जाणवणारी थरथर हा बिघाड नसून ती यंत्रणा कार्य करीत असल्याची खूण असते. अशी यंत्रणा नसलेल्या जुन्या गाडीत चाके जखडताच ब्रेक क्षणभर सोडून पुन्हा लावावा लागतो.

टायर व देखभाल : थांबण्याची व वळण्याची क्षमता खऱ्या अर्थाने वाढविणारे साधन म्हणजे चांगले टायर होय. झीज दाखविणाऱ्या खुणा १·६ मिमी. खोलीवर असतात; परंतु पावसाळ्यापूर्वी खाचा ३ मिमी.पेक्षा उथळ झाल्या असल्यास टायर बदलणे हितावह असते. सर्वचाकी गाडीत चारही टायर एकाच मापाचे व जवळजवळ सारख्या झिजेचे असावे लागतात. ८ मिमी. खाचांचे नवे व ३ मिमी. खाचांचे जुने टायर यांच्या परिघांत सु. दीड टक्क्याचा फरक पडतो. दोन धुऱ्यांवर अशी वेगळी टायर असल्यास त्यांमधील क्लच किंवा विभेदी संच सरळ रस्त्यावरही सतत घासत राहून तापतो.

साचलेले व वाहते पाणी : उंच गाडी व चारचाकी चालन यांच्या भरवशावर पाण्यात गाडी घालण्याचा मोह चालकास होतो. सु. ३० सेंमी. खोल वाहत्या पाण्यात अनेक लहान गाड्या तरंगू लागतात आणि ६० सेंमी. खोल प्रवाह बहुतेक मोटारींना वाहून नेऊ शकतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री परतीच्या काळातील पावसाने पुण्याच्या आंबिल ओढ्यास पूर आला. तेव्हा काठच्या वस्त्यांत जीवितहानी झाली व अनेक मोटारगाड्या वाहून गेल्या. खडकवासल्यातून विसर्ग वाढल्यावर पाण्याखाली जाणारा बाबा भिडे पूल किंवा घाटातील ओढ्यांवरचे फरशीपूल ओलांडताना पाण्याची खोली व वेग डोळ्यांना कळत नाहीत. अशा ठिकाणी पाणी ओसरेपर्यंत थांबणे किंवा दुसऱ्या मार्गाने जाणे हाच सुरक्षित उपाय होय. पाण्यातून यावेच लागल्यास बाहेर पडल्यावर मंद वेगात ब्रेक काही वेळा हलके दाबून ते कोरडे करून घ्यावे व मगच वेग वाढवावा.