डोळे उघडे ठेवूनही श्वास पाहता येतो

‘मन शांत कर, जरा श्वास घे’ हा सल्ला आपण फार सहज देतो. परीक्षेच्या आधी मुलांना देतो, घरात भांडण झाले की एकमेकांना देतो. पण पोलीस ठाणे, रुग्णालय, समिती आणि न्यायालय अशा चार ठिकाणी जिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागली आहे, त्या मुलीला हा सल्ला दिला तर काय होते? समुपदेशक म्हणून अशा मुलींसमोर बसताना मला जे दिसले, ते आज सांगायचे आहे. कोणत्याही मुलीची ओळख मी देणार नाही. कायद्याने तशी मनाई आहेच. शिवाय भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात गावाचे नाव घेतले की घर सापडायला वेळ लागत नाही.

आधी या मुली कोण, ते पाहू. सध्याचा बाल न्याय अधिनियम २०१५ सालचा. त्यात अठरा वर्षांखालील मुलांचे दोन गट केलेले आहेत. ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे ती मुले बाल न्याय मंडळापुढे जातात आणि ज्यांना काळजी व संरक्षणाची गरज आहे ती बाल कल्याण समितीपुढे. पहिल्या गटात मुली फार थोड्या. बहुतेक मुली दुसऱ्या दाराने येतात. कुणी घर सोडून निघालेली असते, कुणाला बालविवाहाच्या मांडवातून उठवून आणलेले असते, कुणावर अत्याचार झालेला असतो. सतरा वर्षांची एखादी मुलगी आपल्या मर्जीने मुलाबरोबर निघून जाते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली मुलावर गुन्हा दाखल होतो, मुलगी पीडित ठरते आणि घरी जायला तयार नसली की तिची रवानगी बालगृहात होते, कधी जिल्ह्याबाहेरच्या. कायद्याच्या भाषेत हे संरक्षण. तिच्या भाषेत, ‘मॅडम, त्यांनी मला कोंडलं.’

अशी मुलगी समोर बसते तेव्हा ती रडतेच असे नाही. अनेकदा ती उद्धट वाटते, उलट उत्तर देते, नाहीतर दगडासारखी बसून राहते. त्यामागे शरीराचे साधे गणित आहे. धोका दिसला की मेंदूतील अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग शरीराला इशारा देतो. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात. लढायचे, पळायचे की गोठून जायचे, हे विचार करण्याआधीच ठरते. धोका टळल्यावर ही घंटा थांबायला हवी. मोठा आघात झालेल्या मुलीत ती थांबत नाही. दार जोरात आपटले, कुणाच्या तोंडाला दारूचा वास आला, मागून खांद्यावर हात पडला, की ती पुन्हा वाजते. त्या घटनेची आठवणही सरळ रांगेत साठवली जात नाही. वास आठवतो, पंख्याचा आवाज आठवतो, पण वार आठवत नाही. जबाबात आज एक आणि महिन्याने दुसरे आले की वकील म्हणतात, मुलगी खोटे बोलते. मला वाटते, हे एवढे जरी तपास करणाऱ्या प्रत्येकाला शिकवले, तरी पुष्कळ काम होईल.

आता श्वासाकडे येऊ. श्वास हा शरीराचा असा व्यवहार आहे, जो आपोआप चालतो आणि आपल्या हातीही असतो. बाहेर सोडलेला श्वास थोडा लांबवला की हृदयाची गती उतरते. त्यामुळे त्या घंटेपर्यंत पोचण्याची ही एक वाट आहे. आपल्याकडे ती नवी नाही. सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये म्यानमारहून भारतात आले आणि इगतपुरीचे केंद्र १९७६ मध्ये सुरू झाले. १९९४ मध्ये किरण बेदी तिहार तुरुंगाच्या महानिरीक्षक असताना तेथे हजारावर बंद्यांचे विपश्यना शिबिर झाले. राज्यातल्या अनेक शाळांत ‘मित्र उपक्रम’ म्हणून दहा मिनिटांचे आनापान मुलांनी केलेले आहे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये याच परंपरांतून आठ आठवड्यांचा धर्मनिरपेक्ष अभ्यासक्रम बांधला, तो आता जगभर ‘माइंडफुलनेस’ म्हणून ओळखला जातो. आणि आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर पवनीला १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप सापडले. इथल्या बौद्ध घरांत आनापान हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. (दुसऱ्या धर्माच्या मुलीवर मात्र तो शब्द लादू नये. ‘श्वास पाहणे’ म्हटले तरी काम होते.)

पण ‘डोळे मिटा, मांडी घाला, हलू नका’ हे तिघांपैकी एकही वाक्य अशा मुलीला पहिल्या दिवशी सांगू नये. डोळे मिटले की तिला अंधार दिसत नाही, तो माणूस दिसतो. हलू नको, हे वाक्य तिने पूर्वी कुणाच्या तोंडून ऐकले असेल, हे आपल्याला ठाऊक नसते. काही मुलींना छातीकडे लक्ष दिले की श्वास उलट कोंडतो. अशा वेळी श्वासाचा नादच सोडावा. पाय जमिनीवर टेकवून फरशीचा गारवा जाणवतो का, खोलीत निळ्या रंगाच्या किती वस्तू आहेत, बाहेर कोणता पक्षी बोलतो आहे, एवढेच विचारावे. डोळे उघडे, दार उघडे, आणि ‘नको वाटले तर थांबायचे’ ही मुभा खरीखुरी. ज्या मुलीच्या शरीरावर तिचा हक्क चालला नाही, तिला थांबण्याचा हक्क मिळणे हाच यातला अर्धा उपचार आहे. दहा दिवसांचे मौन तर अशा ताज्या जखमेवर मुळीच नको. विपश्यना केंद्रेही प्रवेशअर्जात मानसिक आजाराविषयी विचारतात, ते उगीच नाही.

श्वास पाहणे म्हणजे रामबाण औषध, असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतील आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सरसकट साऱ्या वर्गाला माइंडफुलनेस शिकवून नेहमीच्या शिकवणीपेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. म्हणूनच बालगृहात साठ मुलींना एका रांगेत बसवून श्वास मोजायला लावण्याला माझा विरोध आहे. त्यातून मुली गप्प बसतात, आणि आपण त्याला शांतता म्हणतो.

अमेरिकेतला एक अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये दाखवले, की तिथल्या बालसुधार व्यवस्थेत पोचणाऱ्या कितीतरी मुली आधी लैंगिक अत्याचाराच्या बळी असतात. २०१७ च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात दिसले, की पाच ते चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुली मोठ्या माणसांना गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस, जास्त ‘जाणत्या’ वाटतात. जाणती म्हटली की तिला आधार कमी आणि शिक्षा जास्त. आपल्याकडे चेहऱ्याच्या रंगाऐवजी जात आणि गरिबी हे काम करते. रोजीला जाणारी, धाकटी भावंडे सांभाळणारी बारा वर्षांची मुलगी ‘मोठी झाली, तिला कळायला हवे होते’ असे आपणही म्हणतो. तिच्याच वयाची शहरातली मुलगी ‘अजून लहान’ असते.

आणि या जिल्ह्यात बोलताना खैरलांजी वगळून चालत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील त्या गावात सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि सुधीर व रोशन ही मुले यांची जमावाने हत्या केली. त्याआधी मारहाणीच्या एका प्रकरणात सुरेखाबाईंनी पोलिसांपुढे हल्लेखोरांची ओळख पटवली होती. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवले. सहा जणांची फाशी उच्च न्यायालयाने २०१० मध्ये जन्मठेपेत बदलली. तेव्हा एखादी दलित आई मुलीला ‘नाव नको सांगूस’ म्हणते, ती भित्री नसते किंवा आजारी नसते. तिला आठवण असते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ च्या ग्रंथात बरे होण्याची पहिली पायरी सुरक्षितता सांगितली आहे. आरोपी समोरच्या गल्लीत फिरत असताना मुलीला श्वास मोजायला शिकवणे ही थट्टा आहे. तिथे आधी साक्षीदाराच्या संरक्षणासाठी अर्ज करायचा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना त्यासाठीच आहे.

राहता राहिली घरची माणसे. खरे तर सर्वांत आधी त्यांच्याबद्दल बोलायला हवे होते. लहान मूल आईच्या कुशीत शांत होते, कारण आईचे शरीर शांत असते. मोठ्या मुलीचेही तसेच. समुपदेशक आठवड्यातून तासभर भेटते. रात्री तीन वाजता मुलगी किंचाळून उठते तेव्हा शेजारी आई किंवा आजी असते, बालगृहात असली तर तिथली काळजीवाहक बाई. त्यांचीच छाती धडधडत असली तर त्या ओरडतात. कितीतरी आयांनी स्वतः तेच सोसलेले असते आणि आयुष्यात कुणाला सांगितलेले नसते.

म्हणून या बायांना मी मुलीबरोबरच बसवते. आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम त्यांच्या उपयोगाचा नाही. जुलैत रोवणी लागली की एक दिवस भंडाऱ्याला यायचे म्हणजे एक दिवसाची रोजी बुडाली. त्यांना दोनच गोष्टी सांगते. चुलीपुढे बसताना चार आकडे मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर, पाच-सहा वेळा. आणि मुलगी रात्री दचकून उठली तर ‘काय झालं होतं तिथं?’ हे विचारायचे नाही. दिवा लावायचा, तिचे नाव घ्यायचे, ‘तू घरी आहेस, मी इथं आहे’ एवढे म्हणायचे, पाणी द्यायचे. हात धरायचा असेल तर आधी विचारून. एका आजीने मला विचारले, ‘नातीचा हात धराया बी विचारू का बाई?’ हो म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. पुढच्या खेपेला तिनेच सांगितले, की नात आता स्वतःहून तिच्या खाटेवर येऊन निजते.

झोप महिनाभर येत नसेल, मुलगी स्वतःला इजा करत असेल किंवा जेवण सुटले असेल, तर श्वासावर थांबू नका. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आहे आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८. दोन्ही मोफत आहेत, आणि फोन आई-आजीनेही करायला हरकत नाही.